मॉरिशसचे राजचिन्ह : एक प्रतीकवाचन

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावर बजबज वसलेले आहे. कोलकात्याहून समुद्राकडे निघालेल्या प्रत्येक जहाजाला त्याच्यासमोरून जावे लागते. १८३४ साली छत्तीस मजुरांना घेऊन निघालेले ‘अ‍ॅटलस’ हे जहाजही याच वाटेने गेले व २ नोव्हेंबर रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. करारबद्ध मजुरीच्या या ओघाला मुंबई बंदरातून कोकणातील मराठी माणसेही मिळाली. ज्या बेटावर ही माणसे उतरली, त्या बेटाच्या राजचिन्हात त्यांना कोणते स्थान मिळाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हे राजचिन्ह ब्रिटिश राजवटीत, २५ ऑगस्ट १९०६ रोजी मंजूर झाले. ढालीचे चार भाग असून ते आलटूनपालटून निळे व सोनेरी आहेत. पहिल्यात वल्ह्यांची सोनेरी नौका, दुसऱ्यात ताडवर्गातील तीन हिरवी झाडे, तिसऱ्यात तांबडी किल्ली आणि चौथ्यात पांढरा तारा आहे. ढालीच्या एका बाजूस डोडो पक्षी व दुसऱ्या बाजूस सांबर असून प्रत्येकासोबत एकेक ऊस उभा आहे. खाली लॅटिन ब्रीदवाक्य आहे. त्याचा अर्थ ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’ असा होतो.

तारा आणि किल्ली या प्रतिमा खलाशाच्या व सैनिकाच्या दृष्टीतून आलेल्या आहेत. आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येणाऱ्या आरमाराला हे बेट मोक्याचे होते; म्हणूनच इंग्रजांनी १८१० मध्ये ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. परंतु १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला व तो जुना मार्ग मागे पडला. म्हणजे राजचिन्हावर किल्ली आली तेव्हा ती ज्या दाराची होती, त्या दाराची वर्दळ ओसरून गेली होती.

त्याहून अर्थपूर्ण आहेत ते दोन प्राणी. डोडो हा या बेटाचा मूळ रहिवासी. तो सतराव्या शतकातच नामशेष झाला. हरीण डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणले. ऊसही त्यांनीच आणला. तात्पर्य, जे बेटाचे होते ते मेले, आणि जे जगले ते बाहेरून आलेले. बाहेरून आलेल्यांमध्ये १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उतरलेले सुमारे साडेचार लाख भारतीय मजूरही होते. ऊस चिन्हावर आला. ऊस लावणारा व तोडणारा मात्र आला नाही.

राजचिन्हात माणूस नसणे हा केवळ संकेत आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु जमैका बेटाच्या, सतराव्या शतकातील राजचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंस तेथील मूळ रहिवासी स्त्रीपुरुष उभे आहेत. तेव्हा संकेताची सबब पुरेशी ठरत नाही.

श्रमिकांनी मात्र आपले प्रतीक स्वतःच घडविले. भोजपुरी मजुरांच्या तोंडी या बेटाचे नाव ‘मारीच’ झाले. तेथे दगड उलटला की सोने सापडते, असे आमिष त्यांना दाखविले गेल्याची आठवण लोकपरंपरेने जपली आहे. सोन्याच्या मृगाचे रूप घेणारा रामायणातील मारीच आणि राजचिन्हावरील उसासोबतचे हरीण यांचा संबंध ते चिन्ह रेखाटणाऱ्याच्या मनात नसेल. तथापि ही कथा ठाऊक असलेल्या वाचकाला तो टाळता येत नाही.

मराठी भाषकांनी कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकविली. गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. मोका येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. पण घरातील व्यवहाराची भाषा बहुतांशी क्रिओल झाली आहे.

१९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले, १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाले. राजचिन्ह मात्र तेच राहिले. ते बदलावे की नाही हे तेथील जनतेने ठरवावयाचे आहे. आपल्या अभ्यासाचे काम वेगळे आहे. ढालीवर जे कोरले गेले नाही ते गीतात आणि कथेत उरले आहे. ते विरून गेले, तर त्या उसाचा अर्थ सांगणारी दुसरी संहिता उरणार नाही. म्हणून झाकरीच्या पदांचे संकलन हा मराठी वाङ्मयेतिहासाचाच एक भाग मानला पाहिजे.