वयोवृद्धांचा वाढदिवस आणि नात्यांचा हक्क



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. चंद्रपुरातील एका घरी दादी 80 वर्षांच्या होत आहेत. 1 जूनला सर्वांनी एकत्र यावे, असे नातवंडांनी ठरवले. थोरला मुलगा बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेला, धाकटा नागपूरला. एक मुलगी गडचिरोलीला दिलेली, दुसरी राज्याच्या सीमेपलीकडे आदिलाबादला. निरोप सर्वांना गेला. धाकट्याचे उत्तर आले, "वाढदिवस ही आपली पद्धत नाही. मी येणार नाही." थोरला म्हणाला, "नसेल यायचे तर नको येऊ दे." दादींना काय हवे आहे, हे मात्र कोणीही विचारले नाही.

हा प्रसंग कोणा एका घरचा नाही. थोड्याफार फरकाने तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

प्रथम त्या तारखेकडेच पाहा. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. त्यांचा जन्म घरी झाला, सुईणीच्या हातून. ज्या वर्षी पूर आला किंवा ज्या वर्षी अमुक मामूंचा निकाह झाला, त्या वर्षी, एवढीच त्याची नोंद. पुढे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून किंवा 1 जुलै लिहून टाकले. तीच तारीख शाळेच्या दाखल्यावरून निवृत्तिवेतनाच्या कागदावर आणि तेथून आधार कार्डावर आली. आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट आहे. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि आज याच जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी दप्तरात फसली सन चालत असे. तेव्हा राजुऱ्याच्या एखाद्या आजोबांचे वय काढायचे तर सनच बदलून मोजावा लागतो. शिवाय रोजे, जकात आणि हज ज्या हिजरी कालगणनेने चालतात, तिच्याप्रमाणे 80 सौर वर्षे म्हणजे सुमारे साडेब्याऐंशी वर्षे होतात. दादींची 80 वर्षे केव्हाच पूर्ण झाली आहेत!

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. जो 1 जूनसाठी हट्ट धरतो, तो गुरुजींच्या अंदाजासाठी हट्ट धरतो. आणि जो 1 जूनमुळे येण्याचे नाकारतो, तोही त्याच अंदाजापायी आईला भेटण्याचे टाळतो.

आता धर्माची बाजू. वाढदिवस साजरा करण्याविषयी आपल्या विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ही इतरांकडून आलेली प्रथा आहे, म्हणून ती टाळावी. काहींच्या मते ती इबादत समजून केली जात नाही, निव्वळ लोकरीत म्हणून केली जाते. त्यामुळे निषिद्ध काही न घडल्यास तिला मनाई नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना सोमवारच्या रोज्याविषयी विचारण्यात आले तेव्हा, त्या दिवशी आपला जन्म झाला आणि त्याच दिवशी आपल्यावर दिव्य प्रकटन झाले, असे त्यांनी सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. जन्माची आठवण त्यांनी ठेवली ती रोजा ठेवून, अल्लाहचे आभार मानून. आपण ज्या विद्वानांवर विश्वास ठेवता, त्यांचे मत अवश्य विचारा आणि त्याप्रमाणे वागा. उधळपट्टी, नमाज चुकवणे आणि दिखावा यांविषयी मात्र कोणाचाच मतभेद नाही. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊ म्हटले आहे (17:27).

पण ज्याविषयी मतभेद नाही, अशी आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा आपल्याला फार लवकर विसर पडतो. नाते तोडणारा स्वर्गात प्रवेश करणार नाही, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तो आहे. आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे वैध नाही आणि दोघांत श्रेष्ठ तो, जो आधी सलाम करतो, हीदेखील त्यांचीच शिकवण आहे. मतभेदाच्या गोष्टीपासून दूर राहण्यासाठी निश्चित पापाच्या गोष्टीत पाऊल टाकणे, ही कसली धर्मनिष्ठा?

येथे प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी वाढदिवसाला नकार देत आहे की भावाला? घराच्या वाटणीवरून चार वर्षांपूर्वी झालेले बोलणे मनात सलत असेल आणि आज केकचे निमित्त सापडले असेल, तर अल्लाह निमित्तही जाणतो आणि हेतूही. प्रथेविषयीचा संकोच प्रामाणिक असेल, तर मार्ग अगदी सोपा आहे. एक दिवस आधी या किंवा दुसऱ्या दिवशी या. केक कापण्याच्या वेळी बाहेर बसा, पण या. आईच्या आवडीची फळे आणा, तिचे पाय चेपा, तिच्याकडून दुआ घ्या. न येण्याचा निरोप पाठवण्याऐवजी "अम्मी, मी शनिवारी येतो, दोन दिवस राहतो," एवढे कळवले, तर तत्त्वही राहते आणि आईचे मनही राहते.

वृद्धांना भेटण्याची रीत कशी असावी? हिजरी सन 8 मध्ये मक्का जिंकली गेली. हजरत अबू बक्र (रजि.) आपले वृद्ध वडील अबू कुहाफा यांना हाताला धरून प्रेषितांकडे (स.) घेऊन आले. अबू कुहाफांचे केस पांढरेशुभ्र झाले होते, दृष्टी गेली होती आणि त्यांनी अद्याप इस्लाम स्वीकारलेला नव्हता. प्रेषित (स.) म्हणाले की, या वृद्ध गृहस्थांना घरीच का राहू दिले नाही, मीच त्यांच्याकडे आलो असतो. विचार करा, ज्या दिवशी सारी मक्का त्यांच्यापुढे नमली होती, त्या दिवशी एका वृद्धाला चालण्याचे कष्ट पडले, हे त्यांच्या मनाला लागले. वृद्धांनी आपल्याकडे यावे असे नव्हे, आपण त्यांच्याकडे जावे, हा त्यातील धडा आहे.

ज्या घरी मेळावा आहे, त्यांनीही हा धडा घ्यावा. चंद्रपूरचा उन्हाळा आपण जाणतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि 1 जूनला पाऊस अजून दूर असतो. अशा दिवसांत पत्र्याखालच्या मंडपात भर दुपारी दादींना जरीची साडी नेसवून बसवणे हा सन्मान नव्हे, त्रास आहे. तारीख अंदाजाचीच आहे, तर डिसेंबरातला एखादा रविवार का निवडू नये? उन्हाळ्यातच जमायचे असेल, तर असरनंतर जमावे, मगरिबची नमाज घरच्यांनी एकत्र अदा करावी आणि दादींच्या झोपेच्या वेळेआधी जेवणे उरकावीत. त्यांना साखरेचा आजार असेल, तर त्यांच्यासमोर मिठाईची रास मांडून "तुम्ही नका खाऊ" म्हणू नये. त्यांना खाता येईल असे काही मुद्दाम करावे. ऐकू कमी येत असेल, तर प्रत्येकाने जवळ बसून बोलावे. छायाचित्रात दादी सर्वांच्या मधोमध असतात. जेवताना त्या कोपऱ्यात एकट्या नसाव्यात.

नातवंडांना एक काम द्या. त्यांनी दादींना विचारावे, "तुमच्या लहानपणी चांदा कसे होते? कुरआन कोणी शिकवला? दादांशी निकाह झाला तेव्हा घरी कोण कोण होते?" आणि ते लिहून ठेवावे. ज्या दिवशी दादी राहणार नाहीत, त्या दिवशी ही वही घरातील सर्वांत मोलाची वस्तू ठरेल.

मुलामुलींनी मात्र मेळावा पांगल्यावर, एकांतात, हळुवारपणे आणखी काही विचारावे. आजारपणात सुटलेल्या रोज्यांचा फिदया द्यायचा राहिला आहे का? कोणाचे देणे आहे का? कोणाची अमानत ठेवली आहे का? दादांकडून महर मिळाला होता का? नसेल, तर तो दादांच्या मालमत्तेवरील कर्ज आहे आणि वाटणीआधी तो दादींना मिळाला पाहिजे. दादांच्या पश्चात मुलींचा हिस्सा त्यांना दिला गेला का, की "बहिणींनी स्वखुशीने सोडला" असे भावांनीच ठरवून टाकले? कुरआनने ठरवून दिलेला वाटा (4:7, 4:11) संकोचापोटी सोडवून घेणे म्हणजे स्वखुशी नव्हे. आईला द्यायची भेटवस्तू शोधत असाल, तर ही घ्या: तिच्या डोळ्यांदेखत तिच्या लेकींचा हक्क तिच्या लेकींना द्या आणि दोन भावांनी एकमेकांना सलाम करा. याहून मोठी भेट चंद्रपूरच्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

शेवटी, एका दिवसाने हक्क फिटत नाही. आई-वडील वृद्धत्वाला पोहोचले, तर त्यांच्यापुढे "उफ"देखील उच्चारू नये, ही कुरआनची आज्ञा (17:23) वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी आहे. 2 जूनला दादींचे औषध कोण आणून देतो, वुजूसाठी पाणी कोण देतो, रात्री त्या खोकल्या तर कोण उठतो, यावर आपल्या प्रेमाची परीक्षा आहे. जो रोज हे करतो, त्याने मेळावा भरवला काय आणि न भरवला काय, दादींचा दिवस तो रोजच साजरा करतो.

अल्लाह आपल्या घरातील वयोवृद्धांना आरोग्य आणि ईमानासह दीर्घायुष्य देवो, तुटलेली नाती जोडण्याचे बळ आपणांस देवो आणि पहिला सलाम करण्याची सद्बुद्धी आपल्यालाच आधी देवो. आमीन.