एक दुकान, पाच लोगो : ओळख मात्र एकच!

मित्रांनो, 'वाशी' म्हटलं की होस्टेलवरच्या निम्म्या मुलांना नवी मुंबईतली वाशी आठवते. मग आम्हाला खुलासा करावा लागतो, "ती नव्हे रे! धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याची वाशी. बालाघाटच्या डोंगरातली, खव्याची वाशी!" नाव एकच, गावं दोन. म्हणजे नुसत्या नावानं ओळख पटत नाही, नावाला काहीतरी जोड लागते. धंद्यात ही जोड देण्याचं काम लोगो करतो. आता तुम्ही म्हणाल, लोगो तर एकच असायला हवा, मग हे 'पाच लोगो' कुठून आणले? तेच या लेखात समजून घेऊया.

आधी थोडं आमच्या भागाविषयी. वाशी, भूम, कळंब हा पट्टा पावसाच्या भरवशावरचा. शेतीला आधार म्हणून दुधाचा जोडधंदा आणि दुधाचा खवा. साधारण पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा होतो. हा खवा वर्षानुवर्षं शहरांतल्या मिठाईवाल्यांकडे बिननावाचा जात आला. तिथं त्याचे गुलाबजाम होतात, बर्फी होते आणि खोक्यावर नाव लागतं मिठाईवाल्याचं. भट्टीचा धूर आपल्या डोळ्यांत आणि नाव दुसऱ्याचं! म्हणून आता खवा विकण्याऐवजी पेढा करून स्वतःच्या नावानं विकण्याकडे बऱ्याच घरांचा कल आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्या तालुक्यातून जातो, त्यामुळे गिऱ्हाईक दारातून जातं. प्रश्न एवढाच की त्यानं एकदा घेतलेला पेढा पुढच्या खेपेला ओळखायचा कसा?

१) एकच चित्र सगळीकडे का चालत नाही?

उदाहरणासाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. नाव धरू 'अबक पेढेवाले'. त्यांनी हौसेनं एक गोल लोगो करून घेतला. मधे गाय आणि वासरू, मागे डोंगर, वर सूर्य, गोलाच्या कडेनं 'अबक पेढेवाले, शुद्ध खव्याचे माहेरघर, ता. वाशी' आणि खाली फोन नंबर. पाटीवर तो छान दिसला. पुढे काय होतं ते गणितानं पाहू. (अभियांत्रिकीची मुलं आहोत, थोडं गणित चालायचंच!)

पाटीवर लोगोची रुंदी १२०० मिलीमीटर आणि त्यातल्या बारीक रेघांची जाडी १२ मिलीमीटर आहे असं धरा. तोच लोगो ३० मिलीमीटरच्या रबरी शिक्क्यावर आणला तर सगळं ४० पट लहान होतं, म्हणजे रेघ ०.३ मिलीमीटरची राहते. शाई पसरली की रेघा एकमेकींना चिकटतात आणि गाय-वासराचा काळा गोळा होतो. बिलाच्या छोट्या थर्मल प्रिंटरची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या एका मिलीमीटरमध्ये साधारण ८ ठिपके बसतात, तेही फक्त काळे. लोगो २० मिलीमीटरचा छापला तर रेघ ०.२ मिलीमीटरची, म्हणजे जेमतेम दीड ठिपक्याची. अर्धा ठिपका तर छापता येत नाही! त्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गायब.

व्हॉट्सॲपच्या डीपीचा घोळ वेगळाच. चित्र चौकोनी असतं, दिसतं गोलात. चौकोनात बसणारं मोठ्यात मोठं वर्तुळ काढलं तर चौकोनाचं जवळपास साडेएकवीस टक्के क्षेत्रफळ बाहेर राहतं. कोपऱ्यात फोन नंबर लिहिला असेल तर तो गेलाच म्हणून समजा.

आता उलट बाजू पाहू. महामार्गावरची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगानं सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पाटी वाचून 'थांबूया का' हे ठरवायला चार सेकंद लागतात असं धरलं, तर पाटी ९० मीटरवरून वाचता आली पाहिजे. डोळ्याच्या डॉक्टरांच्या तक्त्यामागचा हिशेब असा की निरोगी डोळ्याला अक्षर ओळखण्यासाठी त्याच्या उंचीनं डोळ्याशी निदान ५ मिनिटांचा कोन करावा लागतो (६० मिनिटांचा एक अंश). त्या हिशेबानं ९० मीटरवर अक्षर किमान १३ सेंटीमीटर उंच हवं. ही झाली अगदी शेवटची मर्यादा. चालत्या गाडीतून, धुळीतून, तेही मात्रा-वेलांट्यांसकट वाचायचं तर तिप्पट, म्हणजे ४० सेंटीमीटर धरावी. एवढ्या उंचीत नाव बसेल, 'माहेरघर' बसणार नाही!

देवनागरीची म्हणून एक गंमत आहे. अक्षर फार लहान झालं की 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ भरून जाते आणि 'ब'चा 'व' दिसू लागतो. म्हणजे शिक्क्यावर 'अबक'चं 'अवक' होणार. नावच बदललं की हो!

२) आपण ठरवलं नाही तर दुसरा ठरवतो

लोगो बसत नाही म्हणून काम थांबत नाही. पेंटर डोंगर काढून टाकतो. फ्लेक्सवाला जागा उरली म्हणून लोगो आडवा ताणतो, गाय लांबुडकी होते. खोके छापणारा त्याच्याकडच्या तयार चित्रातली दुसरीच गाय टाकतो. शिक्केवाला गाय वगळून नुसतं नाव ठेवतो, तेही त्याच्या संगणकात असलेल्या अक्षरात. घरातला भाचा मोबाईलवर तिसराच डीपी बनवतो. यातल्या कुणाचाच हेतू वाईट नसतो. प्रत्येकानं आपल्यापुरती अडचण सोडवलेली असते. पण गिऱ्हाइकाच्या नजरेला ही पाच वेगळी दुकानं दिसतात. त्यात एखादं दुकान चाललं की शेजारी तशीच पाटी उभी राहायला वेळ लागत नाही. आपल्याच पाच पाट्या एकमेकींशी जुळत नसतील, तर सहावी नकली आहे हे गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

तात्पर्य काय, तर लोगोची वेगवेगळी रूपं होणारच आहेत. ती मालकानं आधी ठरवून केली तर ओळख टिकते, दुसऱ्यांवर सोडली तर ओळख विस्कटते.

३) मग किती रूपं हवीत?

छोट्या धंद्याला पाच पुरतात.

(अ) पूर्ण लोगो : चिन्ह, नाव आणि एखादी छोटी ओळ. खोक्याच्या झाकणासाठी आणि लेटरहेडसाठी.

(आ) आडवा लोगो : डावीकडे चिन्ह, उजवीकडे नाव. पाटी, शटर आणि टेम्पोच्या बाजूसाठी. माल हैदराबादकडे जात असेल तर याच धर्तीवर रोमन लिपीतलं नावही आत्ताच करून ठेवावं.

(इ) उभा लोगो : वर चिन्ह, खाली नाव. पिशवी, बरणीचं लेबल, स्टॉलच्या कापडी फलकासाठी.

(ई) नुसतं चिन्ह : शिक्का, गोल स्टिकर, डीपी. यात अक्षरं शक्यतो नसावीतच. गाय-वासरू-डोंगर-सूर्य यांपैकी एकच गोष्ट ठेवायची, तीही जाड रेघेत.

(उ) एकरंगी लोगो : पांढऱ्यावर काळा आणि गडद रंगावर पांढरा. वर्तमानपत्रातली जाहिरात, बिल, झेरॉक्स, कार्यक्रमाची पत्रिका या सगळ्यासाठी.

पाचही रूपांत काही गोष्टी मात्र हलवायच्या नाहीत. चिन्हाचा आकार, नावाचं अक्षरवळण, मुख्य रंग आणि चिन्ह-नाव यांच्यातलं अंतर. गणपतीचंच बघा ना. मंडळाची वीस फुटी मूर्ती, देवघरातली बोटभर मूर्ती आणि लग्नपत्रिकेवरचा दोन-तीन रेघांचा गणपती, यांत सारखं किती असतं? पण सोंड दिसली की लहान मूलही हात जोडतं. आपल्या लोगोतली 'सोंड' कोणती, हे आधी ठरवा. ती प्रत्येक रूपात राहिली पाहिजे, बाकी कमी-जास्त झालं तरी चालेल.

४) मोठे काय करतात?

स्टेट बँकेचं निळं वर्तुळ आणि त्यातली किल्लीच्या भोकासारखी खूण आठवा. राष्ट्रीय डिझाईन संस्थेतल्या शेखर कामत यांनी १९७१ साली ती केली. पासबुकावर लहान, इमारतीवर मोठी, कुठेही चुकत नाही, कारण तिच्यात बुजण्यासारखं बारीक काही नाहीच.

गूगलनं २०१५ साली लोगो बदलला तेव्हा पूर्ण नाव, चार रंगांचे ठिपके आणि नुसतं 'जी' हे अक्षर अशी रूपं एकत्रच आणली. कारण लोक आता मोठ्या पडद्यापासून मनगटी घड्याळापर्यंत सगळीकडे गूगल वापरत होते.

नुसत्या रंगावर विसंबण्याचा धोका पाहायचा असेल तर खाद्यपदार्थांच्या पाकिटावरची खूण बघा. पूर्वी शाकाहाराला हिरवा ठिपका आणि मांसाहाराला तपकिरी ठिपका होता. आकार तोच, फरक फक्त रंगाचा. ज्यांना हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांनी काय करायचं? म्हणून २०२० च्या लेबल-नियमांत मांसाहाराच्या खुणेत ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला. किमान मापंही नियमानं ठरलेली आहेत. पाकिटाची मुख्य बाजू १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर शाकाहारी ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलीमीटर, २५०० च्या वर असेल तर ८ मिलीमीटर. आपल्या लोगोसाठीही अशी 'याहून लहान छापायचा नाही' ही मर्यादा लिहून ठेवावी.

५) कायदा काय म्हणतो?

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ हा २००३ पासून लागू आहे. त्याच्या कलम १० मध्ये कामाची गोष्ट आहे. रंगाचं बंधन न घालता चिन्ह नोंदवलं तर ते सर्व रंगांसाठी नोंदवलेलं मानलं जातं. म्हणजे वरचा (उ) क्रमांकाचा काळा-पांढरा लोगो झेरॉक्सपुरता नाही, नोंदणीलाही तोच सोयीचा पडतो! नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.

शेजारच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ही आपल्या सगळ्या भागाला अभिमानाची गोष्ट. पण मानांकन माल कोणत्या भागातला हे सांगतं, कोणत्या घरचा हे सांगत नाही. शिवाय ते वापरायलाही 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. त्यामुळे मानांकन मिळालं तरी स्वतःच्या लोगोची गरज संपत नाही.

आणखी एक अनुभव आपल्या जिल्ह्यानं घेतला आहे. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांनी लोगोच्या गोलातच जिल्ह्याचं नाव गुंफलं असेल, त्यांना लोगोलाच हात लावावा लागणार. पत्ता आणि फोन नंबर लोगोबाहेर खालच्या ओळीत असेल तर तेवढी ओळ बदलली की काम झालं. बदलणाऱ्या गोष्टी लोगोत नकोत, हा त्यातला धडा.

६) सुट्टीत करून पाहा!

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी किराणा, डेअरी, रसवंती, वर्कशॉप असं काहीतरी आहे. इंकस्केपसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि लोगो व्हेक्टर पद्धतीनं काढा. व्हेक्टर चित्र रेघांच्या समीकरणांवर बनतं, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. फोटोसारखं चित्र ठिपक्यांचं असतं, ते फ्लेक्सवर गेलं की पायऱ्या दिसतात. मग या चार चाचण्या घ्या :

- लोगो एक सेंटीमीटरचा छापून त्याची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. ओळखू येतो का?
- नुसतं चिन्ह गोलात बसवून मोबाईलवर बघा. काही कापलं गेलं का?
- पाटीचा नमुना भिंतीला लावून लांबून चालत या. नाव आधी वाचता येतं की नक्षी आधी दिसते?
- पाच रूपं पाच कागदांवर घेऊन आजीला दाखवा. "हे सगळं एकाच दुकानाचं का गं?" असं विचारा. ती "हो" म्हणाली तर पास!

शेवटी पाचही रूपं एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येकाची एसव्हीजी, पीडीएफ आणि पीएनजी फाईल करा. सोबत एक पान जोडा : कोणतं रूप कुठे वापरायचं, रंगांचे आकडे छपाईसाठी कोणते आणि पडद्यासाठी कोणते, किमान माप किती. पेंटर असो की फ्लेक्सवाला, प्रत्येकाला हाच फोल्डर पाठवायचा. आणि हो, दर दिवाळीला नवीन लोगो करायचा मोह आवरायचा. रूपं पाच असली तरी ती वर्षानुवर्षं तीच राहिली तरच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बसतात.

मित्रांनो, पेढ्याला चव देणं आपल्या आई-वडिलांना उत्तम जमतं, ते शिकवायची आपली पात्रता नाही. पण त्यांच्या कष्टाला न पुसणारी ओळख देणं मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे. यंदाच्या सुट्टीत निदान एका भट्टीचं, एका दुकानाचं एवढं काम कराल ना?