क्रियापदाशी नाते कोणाचे? : इंग्रजी वाक्यरचनेचा एक धडा

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. येथील ग्रामपंचायतींचे दप्तर मराठीत असले, तरी काही सूचना मूळ इंग्रजीत असतात. त्या मराठीत उतरविताना इंग्रजी व्याकरणातील एका बाबीकडे विशेष लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल ‘रिपोर्ट द लॉस ऑफ क्रॉप्स इन जुलै’ हे वाक्य घेऊ. यातील ‘इन जुलै’ हा शब्दसमूह ‘रिपोर्ट’ या क्रियापदाशी जोडला, तर ‘पिकांच्या नुकसानीचा अहवाल जुलैमध्ये द्या’ असा अर्थ होतो. तोच ‘लॉस’ या नामाशी जोडला, तर ‘पिकांच्या जुलैमधील नुकसानीचा अहवाल द्या’ असा होतो. पहिल्या अर्थाने अहवालाची मुदत ठरते. दुसऱ्याने नुकसानीचा काळ. पहिला अर्थ अभिप्रेत असता दुसरा धरला गेला, तर जूनमध्येच ज्याचे पऱ्हे वाहून गेले, तो शेतकरी यादीबाहेर राहील.

इंग्रजीत दोन्ही अर्थांसाठी रूप एकच आहे. मराठीत मात्र ती वेगळी आहेत. ‘जुलैमध्ये’, ‘गावात’, ‘तलावावर’ ही रूपे सामान्यतः क्रियापदाकडे वळतात. ‘जुलैमधील’, ‘गावातील’, ‘तलावावरील’ ही नामाकडे. म्हणून भाषांतरकाराला निवड करावीच लागते. ‘केव्हा कळवावयाचे?’ की ‘केव्हाचे नुकसान?’ हा प्रश्न आधी विचारावा. मूळ वाक्यावरून उत्तर मिळत नसेल, तर पूर्वापार संदर्भ पाहावा. तरीही शंका उरल्यास वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी खुलासा मागवावा.

शिक्षकांनी आणखी एक भेद विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावा. ‘पॅडी डिपेंड्स ऑन रेन’ यातील ‘ऑन रेन’ वगळले, तर विधान अपुरे राहते, कारण ते क्रियापदाची गरज भागविते. ‘फार्मर्स ट्रान्सप्लांट पॅडी इन जुलै’ यातील ‘इन जुलै’ वगळले, तरी वाक्य उभे राहते. तेथे केवळ रोवणीचा काळ सांगितलेला आहे. क्रियापदाने मागितलेले शब्द क्रियापदासहच पाठ करावेत. ‘वेट’ला ‘फॉर’ लागते. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, जरी मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करीत असलो तरी.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. हा विवेक शाळेतच रुजला, तर उद्याचा ग्रामपंचायत अधिकारी आदेशाचा अर्थ अचूक लावील आणि शेतकऱ्याचा हक्क एका शब्दापायी हुकणार नाही.