तीन पेपर की एक?

वेल्हे, जि. पुणे

चि. मृण्मयी,


तुझं पत्र मिळालं. बरोबरीच्या मुलाचे पाच पेपर झाले आणि तुझा एकच, म्हणून हाती आलेल्या निष्कर्षांचे तुकडे करून तीन पेपर काढावेत का, असं तू विचारतेस. काढू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या एच-इंडेक्सची तुला धास्ती वाटते, तो हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवला. इंडेक्स दहा म्हणजे प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स मिळालेले दहा पेपर. नोकरीच्या अर्जात हा आकडा विचारतात, तेव्हा त्याकडे डोळेझाक कर असं मी सांगणार नाही. पण आपलं नाव किती जणांनी घेतलं एवढंच त्यातून कळतं. कशासाठी घेतलं, ते कळत नाही.

तुझ्याच विषयातलं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं काम बघ. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केल्याने बायकांचे जीव वाचतात का, एवढा एकच प्रश्न. 1999 मध्ये काम सुरू झालं. गावांचे 52 समूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. डॉ. शंकरनारायणन, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. नेने, टाटा मेमोरियलचे डॉ. शास्त्री अशी मंडळी त्यात होती. ज्या गटाची एचपीव्ही या विषाणूसाठीची चाचणी एकदाच झाली, त्यात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात 64. हे उत्तर 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. मधल्या काळात त्यांचेही पेपर निघाले, पण मुख्य उत्तराला वाट पाहावीच लागली. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पसंती देते.

त्याच कामावर कठोर आक्षेपही आले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असं अनेकांनी विचारलं. असे आक्षेपही सायटेशन्समध्येच मोजले जातात. म्हणून कुणी तुझ्या कामाचा उल्लेख केला, की तो काय म्हणतो ते आधी वाच.

आणि काही काम तर मोजलंच जात नाही. कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. पुण्यात शिकलेल्या या बाईंनी परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. तिथे शिकून इतरांना पुढचं काम करता आलं. ते बाईंच्या खात्यावर कोणत्याच इंडेक्समध्ये जमा होत नाही, पण मला त्यांच्या पेपरांइतकंच मोलाचं वाटतं.

आता आपल्या जिल्ह्याचं. पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासून डॉ. फली मेहता आणि डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूने 1972 मध्ये मुखकर्करोगावर पेपर छापला. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. तरी वेल्ह्यात तव्यावर तंबाखू भाजून सकाळी मिशेरी लावणाऱ्या बायका अजून आहेत. पेपर छापून झाला की काम संपतं असं वाटेल, तेव्हा हे आठव.

म्हणून सांगते. तीन अर्धे पेपर काढण्यापेक्षा एक पुरा लिही. जो प्रयोग फसला तोही त्यात मांड, म्हणजे दुसऱ्या कुणाची तीच दोन वर्षं वाया जाणार नाहीत. नोंदवही अशी ठेव, की तुझ्यामागे येणाऱ्या मुलीला तुला न विचारता प्रयोग पुन्हा करता यावा. ज्याने हात लावला नाही त्याचं नाव लेखकांत घालू नकोस, आणि ज्या तंत्रज्ञाने रात्र जागून स्लाइड्स केल्या त्याचं गाळू नकोस. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलच्या वाटेला जाऊ नकोस. तिथे कुणी चुका काढत नाही, आणि तुझ्या पेशंटच्या दृष्टीने तेच घातक आहे.

ज्या बायकांच्या गाठींचे नमुने तुझ्या फ्रीजरमध्ये आहेत, त्यांना तुझा इंडेक्स माहीत नाही. पण त्यांनी सही देताना तुझ्यावर विश्वास टाकला आहे. निवड समितीने एकच पेपर का म्हणून विचारलं, तर त्या एकात काय सिद्ध केलंस ते ताठ मानेने सांग.

जेवणाची आबाळ करू नकोस. पेपरचा मसुदा झाला की मला मराठीतून समजावून सांग. जिथे अडखळशील, तिथे अजून काम बाकी आहे असं समज.

तुझी,
आत्या