नव्या ऑर्किडचा धडा

दोन वर्षांपूर्वीं एका पालकांनीं आमच्या शाळेस ऑर्किडचें एक नवें रोप भेट दिलें. ऑर्किडला मराठींत आमर असेंहि नांव आहे. शाळेच्या व्हरांड्यांत डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडच्या कुंड्या आम्ही पुष्कळ वर्षें जोपासीत आलों आहों. तेव्हां ह्या नव्या पाहुण्याचें संगोपनहि सहज साधेल, अशी आमची समजूत होती. आठव्या इयत्तेंतील एका मुलास आम्हीं सांगितलें, "ह्याला रोज पाणी घालीत जा." त्यानें एक दिवसहि चुकविला नाहीं. तीन महिन्यांत रोप मेलें. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, मीं तर रोज पाणी घातलें!" आम्हीं कुंडी उपडी करून पाहिली, तों मुळें तपकिरी व पोकळ होऊन कुजलेलीं. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. आणि तसें आम्हीं सर्व वर्गासमक्ष सांगितलें. मग दुसरें रोप आणण्यापूर्वीं ह्या जातीची नीट माहिती करून घेतली, ती येथें देत आहों.

ह्या जातीचें नांव फॅलेनॉप्सिस. पतंगासारखें दिसणारें, असा त्या ग्रीक नांवाचा अर्थ आहे. ब्लूम ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें तें १८२५ सालीं दिलें. हिच्यांतील पांढऱ्या फुलांच्या एका प्रकारास इंडोनेशियानें १९९३ सालीं आपल्या तीन राष्ट्रीय पुष्पांत स्थान दिलें. तेथील उष्ण व दमट अरण्यांत तो मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर, सावलींत वाढतो.

झाडावर वाढणारें तें सर्व बांडगूळ, असें पुष्कळांस वाटतें. परंतु बांडगूळ आपलीं मुळें फांदींत खुपसून तिचा रस शोषतें. हें ऑर्किड वृक्षाकडून केवळ आधार घेतें. त्याचीं मुळें सालीला चिकटून हवेंत मोकळीं राहतात. त्यांवर मृत पेशींचें, स्पंजासारखें आवरण असतें. पाऊस पडतांच तें पाणी शोषून घेतें व मग वाऱ्यानें सुकतें. ह्या मुळांना पाणी हवें, तसाच वाराहि हवा. सदा भिजलेल्या कुंडींत त्यांचा श्वास कोंडतो.

डेंड्रोबियमच्या फुगीर कांड्यांत पाण्याचा सांठा असतो. म्हणून तें कांहीं काळ कोरडें राहूं शकतें. फॅलेनॉप्सिसला तशा कांड्या नाहींत. जाड पानांत व मुळांत असेल तेवढाच सांठा. म्हणून तें फार दिवस कोरडेंहि ठेवूं नये. ऊनहि त्याला डेंड्रोबियमपेक्षां कमी लागतें. दुपारच्या उन्हानें पानें भाजतात.

आतां प्रत्यक्ष कृति. कुंडींत माती घालूं नये. भोंकें असलेल्या कुंडींत लांकडी कोळशाचे व झाडाच्या सालीचे तुकडे घालावे. मुळें हिरवीं दिसत असतील तर थांबावें; तीं रुपेरी करडीं झालीं कीं सकाळीं पाणी घालावें व तें पूर्ण निथळूं द्यावें. पानांच्या मध्यभागीं, कोंबांत, पाणी सांचूं देऊं नये. तेथें कूज धरली कीं रोप बहुधा वांचत नाहीं. हिवाळ्याच्या आरंभीं उष्णमान कांहीं आठवडे २५ अंश सेल्सियसच्या खालीं राहिलें म्हणजे फुलांचा दांडा निघूं लागतो. फुलें गळल्यावर दांडा हिरवा असेल तर तो लगेच बुंध्यापासून कापूं नये; त्याच्या पेऱ्यांतून कधीं कधीं पुन्हां फुलें येतात.

दुसऱ्या रोपाचें काम आम्हीं त्याच मुलाकडे दिलें. झारी उचलण्यापूर्वीं तो आतां मुळें पाहतो, आणि पुष्कळदां झारी तशीच खालीं ठेवतो. गेल्या फेब्रुवारींत रोपास सात फुलें आलीं, व तीं दोन महिने टिकलीं.

विद्यार्थिमित्रहो, पहिल्या रोपावर आमची माया कमी नव्हती. त्याची ओळख कमी होती. घरीं पालकांनीं व शाळेंत आम्हां शिक्षकांनींहि हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.