पाठीच्या मध्यभागातील दुखणे

प्रश्न : दिवसभर संगणकावर काम असते. दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाठ दुखते. एक्स-रे काढावा का?

उत्तर : पाठीच्या मधल्या भागात १२ मणके असतात आणि प्रत्येकाला बरगड्यांची एक जोडी जोडलेली असते. त्यामुळे हा भाग मान-कंबरेइतका हलत नाही; गादी सरकण्याचे प्रमाणही इथे कमीच. बहुतेकदा दुखतात ते स्नायू. मान पुढे काढून, खांदे पाडून तासन्‌तास बसले की खवाट्यांमधले स्नायू सतत ताणलेले राहतात. अशा दुखण्यात एक्स-रेमध्ये बहुधा काहीच सापडत नाही, म्हणून त्याची घाई नको.

झोपून राहिल्याने पाठ अधिकच आखडते. शेक घ्यावा, अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणावा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती हळूच पुढे न्यावी. मग खवाटे मागे आवळून पाच सेकंद धरावेत. वेदनाशामक गोळ्या थोडेच दिवस, आणि मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच.

मात्र पित्ताशयातील खड्यांची कळ उजव्या खवाट्याखाली येते, नागिणीत पुरळ उठण्याआधीच एका बाजूला आग होते, आणि उतारवयात ठिसूळ मणका साध्या वाकण्यानेही दबतो. आपल्याकडे मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही. ताप, घटते वजन, रात्री वाढणारी वेदना असेल तर तपासणी लांबवू नये. छातीत दाटून घाम फुटला, पायांतली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.