पाच मिनिटं, एक मुद्दा

पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेळाव्यांत लायटनिंग टॉकचं सत्र मी सांभाळते. प्रत्येकाला पाच मिनिटं. घंटा वाजली की पुढचा वक्ता. पहिल्यांदा बोलणारे आधी येऊन सल्ला विचारतात. त्यांना सांगते ते असं :

१. मुद्दा एकच घ्या. ‘आमच्या प्रोजेक्टची ओळख’ हा विषय पाच मिनिटांत मावत नाही. नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी बोलली, ते अजून आठवतं. त्यांची एक टेस्ट फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच याच वेळात फेल व्हायची. कारण सर्व्हर यूटीसीवर आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तेवढ्या वेळात आपली तारीख बदललेली असते, सर्व्हरची कालचीच असते. बस, एवढंच सांगितलं. कंपनीची माहिती नाही, टीमचा फोटो नाही. ती बोलत असतानाच पुढच्या रांगेतल्या दोघांनी लॅपटॉप उघडून आपला कोड तपासायला घेतला.

२. प्रकार कोणता, ते आयोजकांना आधी विचारा. पेचाकुचा 2003 मध्ये टोकियोत ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या आर्किटेक्ट जोडीने सुरू केलं : 20 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद, एकूण 6 मिनिटं 40 सेकंद. 2006 मध्ये सिएटलला सुरू झालेल्या इग्नाइटमध्ये स्लाइडला 15 सेकंदच. दोन्हींत स्लाइड आपोआप सरकते, तुमच्यासाठी थांबत नाही. एखादी आकृती समजवायला वेळ लागणार असेल, तर तीच स्लाइड लागोपाठ तीनदा घाला. इग्नाइटमध्ये पंचेचाळीस सेकंद मिळतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. लायटनिंग टॉकमध्ये मात्र स्लाइड तुमच्या हातात. एकही नसली तरी चालतं.

३. लाइव्ह डेमो करू नका. हॉलच्या वायफायवर विसंबू नका. स्क्रीन रेकॉर्ड करून आणा, अक्षरं मोठी ठेवा.

४. घरी उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून म्हणा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. साडेचार मिनिटांत बसलं, तर मंचावर पाचात बसेल. नाहीच बसलं, तर भराभर बोलू नका, मजकूर कापा. पहिली कात्री स्वतःच्या परिचयावर चालवा.

५. हे आयोजकांसाठी. 2000 साली पिट्सबर्गला पर्लच्या परिषदेत मार्क जेसन डॉमिनस यांनी लायटनिंग टॉक भरवले. कधीच न बोललेल्या माणसाला छोटी सुरुवात करता यावी, हाही त्यामागे विचार होता. तेव्हा हा वेळ प्रायोजकांच्या जाहिरातीला देऊ नका. घंटा सगळ्यांना सारखी वाजवा, मोठ्या नावांनाही. आणि हे सत्र चहाच्या सुट्टीत कोपऱ्यात न ढकलता मुख्य हॉलमध्ये ठेवा.

बाकी तुम्ही कुठलीशी बारीक अडचण सोडवली असेल, तर पुढच्या मेळाव्यात नावनोंदणीच्या कागदावर आपलं नाव लिहा.